अलास्काची क्रूझ: आधी मार्ग, मग जहाज



मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत असते, उन्हाळ्यात आईवडील तिकडे जातात आणि घरात विषय निघतो, "एवढ्या लांब आलाच आहात, तर अलास्काची क्रूझ करूनच जा." आपल्याकडच्या सहल कंपन्याही अलास्काला गट घेऊन जातात. बेत उत्तम आहे, फक्त जहाज निवडताना बहुतेकांची नजर भलतीकडेच जाते. जहाज किती नवं, त्यावर रेस्टॉरंट किती, थिएटर केवढं, हेच विचारलं जातं. या सोयी सिंगापूरहून सुटणाऱ्या जहाजावरही मिळतात. अलास्काला आपण जातो ते डोंगर, हिमनद्या आणि देवमासे बघायला. म्हणून माझं सांगणं आहे की आधी मार्ग ठरवा, मग जहाज आणि शेवटी केबिन.

मार्गाचा पहिला प्रश्न, जहाज सुटतं कुठून? सिअ‍ॅटलहून गेलं तर विमानाचा प्रवास सोपा पडतो आणि जहाज परत तिथेच आणून सोडतं. मात्र ही जहाजं बहुधा व्हँकुव्हर बेटाच्या बाहेरून, खुल्या पॅसिफिक महासागरातून जातात. तिथे लाटा मोठ्या असतात आणि किनारा लांब राहतो. कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरातून निघणारी जहाजं बेट आणि मुख्य भूमी यांच्या मधल्या चिंचोळ्या समुद्रातून जातात. पाणी बरंचसं शांत आणि दोन्ही बाजूंना जंगलाने झाकलेले डोंगर. ज्यांना बोट लागते त्यांनी व्हँकुव्हरचाच विचार करावा.

तिसरा पर्याय एकेरी प्रवासाचा. व्हँकुव्हरला चढायचं आणि उत्तरेला सीवर्ड किंवा व्हिटियर बंदरात उतरायचं. तिथून अँकरेजमार्गे डेनाली राष्ट्रीय उद्यानापर्यंत जाता येतं. डेनाली हे ६,१९० मीटरचं, उत्तर अमेरिकेतलं सर्वांत उंच शिखर. विमानाचा खर्च वाढतो, एक पट्टा खुल्या समुद्राचाही येतो. पण हाताशी दिवस असतील, तर अलास्का याच मार्गाने सर्वांत जास्त बघून होतं.

इथे व्हिसाची एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. अमेरिकेत १८८६ सालचा एक कायदा आहे. त्यानुसार परदेशी ध्वजाच्या जहाजाला अमेरिकेतल्याच दोन बंदरांमध्ये प्रवासी वाहतूक करता येत नाही. मध्ये परदेशी बंदर घ्यावं लागतं. मोठी क्रूझ जहाजं जवळजवळ सगळी परदेशी ध्वजाची असतात. म्हणून सिअ‍ॅटलची जहाजं कॅनडातल्या व्हिक्टोरियाला, बरेचदा संध्याकाळी काही तासांसाठी, थांबतात. म्हणजेच भारतीय पासपोर्ट असेल, तर अमेरिकेबरोबर कॅनडाच्या व्हिसाचीही तयारी ठेवायला हवी.

आता मार्गातला सर्वांत मोलाचा दिवस, हिमनदीचा. कार्यक्रमपत्रिकेत नुसतं 'हिमनदी दर्शन' लिहिलेलं असेल, तर तेवढ्यावर समाधान मानू नका. कोणती हिमनदी आणि तिथे किती तास, हे विचारा. ग्लेशियर बे राष्ट्रीय उद्यानात दिवसाला फक्त दोन मोठ्या क्रूझ जहाजांना प्रवेश मिळतो. ज्या कंपन्यांकडे परवाने आहेत, त्यांचीच जहाजं आत जातात. उद्यानाचे रेंजर स्वतः जहाजावर येतात आणि दिवसभर माहिती सांगतात. १७९४ साली दर्यावर्दी जॉर्ज व्हँकुव्हरच्या मोहिमेतले लोक इथे आले, तेव्हा ही खाडी जवळजवळ पूर्ण बर्फाने भरलेली होती. तेव्हापासून बर्फ सुमारे १०० किलोमीटर मागे सरकला आहे. आज आपलं जहाज जिथून जातं, तिथे तेव्हा बर्फ होता. आणि त्याआधी या भागात हुना ट्लिंगिट लोकांची वस्ती होती. पुढे सरकत आलेल्या हिमनदीने त्यांना घरं सोडायला लावली.

खाडीच्या टोकाला मार्जरी हिमनदी आहे. तिच्यासमोर जहाज बराच वेळ उभं राहतं आणि जागच्या जागी सावकाश वळतं, म्हणजे दोन्ही बाजूंच्या लोकांना ती दिसते. समोर बर्फाचा निळसर उभा कडा, पाण्यावर तरंगणारे हिमखंड. कड्याचा एक तुकडा सुटून पाण्यात पडताना दिसतो, आणि तोफेसारखा आवाज मागून येतो. हे काचेआडून बघू नका. त्या वेळी उघड्या डेकवर असायला हवं.

ग्लेशियर बे मिळालं नाही, तर हबर्ड हिमनदी बघा. समुद्रात उतरणारा तिचा कडा सुमारे १० किलोमीटर रुंद आहे. एंडिकॉट आर्म या अरुंद खाडीतली डॉज हिमनदीही सुंदर आहे. मात्र बर्फ फार असेल, तर कप्तान जहाज लांबच थांबवतो, आणि त्याचं ते बरोबरच असतं.

मार्ग ठरला की जहाज. जहाजाचा डेकचा नकाशा कंपनीकडून मिळतो, तो नीट वाचा. जहाजाला पूर्ण फेरी घालता येईल असा उघडा डेक आहे का? नाकाकडचा डेक हिमनदीच्या दिवशी प्रवाशांना उघडतात का? समोरच्या बाजूला मोठ्या काचांचं, सर्वांना खुलं दालन आहे का? चार हजार प्रवाशांच्या जहाजावर करमणूक भरपूर मिळते, पण कठड्याशी उभं राहायला दाटी होते आणि बंदरावर उतरताना रांग लागते. दीड-दोन हजार प्रवाशांचं जुनं जहाज अलास्कासाठी अनेकदा जास्त चांगलं ठरतं.

साठ ते शंभर प्रवाशांच्या छोट्या बोटीही असतात. त्या जुनो किंवा सिटकासारख्या अलास्कातल्याच बंदरांतून निघतात, अरुंद खाड्यांमध्ये शिरतात, रबरी होड्यांतून किनाऱ्यावर नेतात. भाडं मात्र कितीतरी जास्त. शिवाय लिफ्ट आहे का, डॉक्टर आहे का, हे आधी विचारा. गुडघे दुखणाऱ्यांनी रबरी होडीत चढउतार करण्याचा विचार नीट करूनच पैसे भरावेत.

केबिनचं बोलायचं, तर पैसे मोजूनमापून असतील तेव्हा मी एकच सल्ला देतो. महागड्या जहाजाची बाल्कनी घेण्यापेक्षा चांगल्या मार्गाच्या जहाजाची साधी केबिन घ्या आणि दिवस डेकवर घालवा. जूनमध्ये जुनोला १८ तास उजेड असतो, केबिनमध्ये बसायचंय कुणाला? पण आजारपणामुळे वारा सोसत नसेल, तर बाल्कनी जरूर घ्या. जहाजाच्या मध्यावरची, खालच्या मजल्यावरची केबिन कमी हलते. खिडकीसमोर लाइफबोट तर येत नाही ना, तेही नकाशावर तपासा.

बंदरांच्या वेळाही वाचा. सकाळी आठला पोचून संध्याकाळी निघणारं जहाज आणि दुपारी एकला पोचणारं जहाज यांत अर्ध्या दिवसाचा फरक पडतो. केचिकन या अलास्कातल्या बंदरावर काही जहाजं गावात न लागता सुमारे ११ किलोमीटरवरच्या वॉर्ड कोव्हला लागतात. पुढे बसने जावं लागतं.

हंगाम मे ते सप्टेंबर. मे महिन्यात पाऊस त्या मानाने कमी आणि डोंगरांवर बर्फ जास्त. देवमाशांसाठी जून ते ऑगस्ट चांगला. हवाईच्या उबदार पाण्यात हिवाळा काढलेले हंपबॅक तेव्हा इथे पोटभर खायला आलेले असतात. पावसाचा कोट मात्र कोणत्याही महिन्यात हवाच. केचिकनला वर्षाला रत्नागिरीपेक्षाही जास्त पाऊस पडतो. जेवण शाकाहारी किंवा जैन हवं असेल, तर बुकिंग करतानाच लेखी कळवा. आणि ज्यात जहाजावरून हेलिकॉप्टरने दवाखान्यात हलवण्याचा खर्च धरलेला आहे, असाच विमा घ्या.

एजंटकडे जाल तेव्हा हे प्रश्न कागदावर लिहून न्या. जहाज बेटाच्या आतून जातं की बाहेरून? हिमनदी कोणती, किती तास? उघडा डेक किती? एकूण प्रवासी किती? बंदरात किती वेळ? उत्तरं लेखी मागा आणि त्यानंतरच भाव विचारा. पण या सगळ्याच्या आधी अमेरिकेच्या व्हिसाच्या मुलाखतीची तारीख घ्या. तिला कधी कधी अनेक महिने लागतात आणि ती हातात आल्याशिवाय आगाऊ रक्कम भरण्यात शहाणपण नाही. एवढी काळजी घेतलीत, तर तुमच्या कष्टाचा पैसा खऱ्या अलास्कावर खर्च होईल.