म्हाताऱ्या मोटारीची निगा



मोटारीविषयीं मीं आपणांस चार शब्द सांगावेत अशी सूचना आली, तेव्हां मला प्रथम हसूं आलें. ज्याचें शिक्षण जुन्या मॅट्रिकपलीकडे गेलें नाहीं, ज्यानें अडतीस वर्षें प्राथमिक शाळेंत बाराखडी आणि पाढे यांवांचून दुसरें फारसें कांहीं शिकविलें नाहीं, त्यानें यंत्रविद्येवर बोलावें हें धाडसच होय. परंतु मजजवळ साठी उलटलेली एक मोटार आहे. ती अद्याप रस्त्यावर चालते. आणि ती चालती ठेवण्याच्या भरांत मजकडून एकदां अशी चूक झाली कीं, तिची आठवण झाली म्हणजे आजहि अंगावर कांटा उभा राहतो. माझा अधिकार काय तो त्या चुकीपुरता.

माझी गाडी १९६४ सालची स्टँडर्ड हेरल्ड. तरुण श्रोत्यांना हें नांव कदाचित् परकें वाटेल, म्हणून तिची कुळकथा थोडक्यांत सांगतों. इंग्लंडमध्यें ट्रायंफ हेरल्ड या नांवानें ती १९५९ सालीं प्रथम निघाली. मिकेलोत्ती नांवाच्या इटालियन कलावंतानें तिचें रूप रेखाटलें होतें. पुढें १९६१ पासून मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सच्या कारखान्यांत ती आपल्याकडे तयार होऊं लागली. दोन दारें, ९४८ घन सेंटिमीटरांचें इंजिन, आणि चारी चाकें आपापल्यापरी खालींवर होणारीं. मागचीं चाकें अशीं सुटीं असणें आपल्याकडच्या मिस्त्रींना रुचलें नाहीं. पुढें हेरल्डच्या जागीं गझेल आली तेव्हां तिला पुन्हा जुन्या पद्धतीचा अखंड कणा बसविण्यांत आला. हेरल्डचा सर्वांत मोठा थाट तिच्या पुढच्या झांकणांत आहे. तें इतर गाड्यांप्रमाणें वर उघडत नाहीं. नाकासकट आणि दोन्ही बाजूंच्या मडगार्डांसकट सारा पुढचा भाग पुढें उलटतो, आणि मनुष्य खुशाल चाकावर बैठक मारून इंजिनाचें काम करूं शकतो.

याच गाडीचा सांगाडा आखूड करून ट्रायंफनें १९६२ सालीं स्पिटफायर नांवाची दोन आसनांची, शर्यतीच्या घाटाची गाडी काढली. मद्रासजवळ शोलावरमच्या जुन्या विमान-धावपट्टीवर आपल्या हेरल्ड गाड्याहि शर्यतींत धावल्या. तेव्हां शाळेंतील मुलें तिला "गुरुजींची रेसची गाडी" म्हणत, तें अगदींच खोटें नव्हतें. खोटें असेलच तर तें गुरुजींच्या बाजूनें. कारण कांटा पन्नासाच्या वर गेला कीं गुरुजींची रामरक्षा सुरू होई.

पनवेलांतील एका वयोवृद्ध डॉक्टरांनीं १९८९ सालीं ती मला दिली. नवी गाडी घेण्याइतका शिक्षकाचा पगार नव्हता. हिची किंमत मात्र एका बऱ्यापैकीं स्कूटरइतकीच पडली. त्या वेळीं आमचें सुकापूर म्हणजे भाताचीं खाचरें, पलीकडे गाढी नदी आणि पावसाळ्यांत ढगांत बुडालेला प्रबळगड. आज खाचरांच्या जागीं सात-सात मजल्यांच्या इमारती उभ्या आहेत. रस्ता तोच, माथेरानच्या दिशेनें जाणारा. गाडीच्या मीटरचे पांच आंकडे माझ्या हातीं येण्यापूर्वींच एकदां पुरे होऊन शून्यावर आले होते, असें डॉक्टरांनीं प्रांजळपणें सांगितलें. दुसऱ्यांदां ते शून्यावर आले तो क्षण मीं स्वतः पाहिला. शेजारीं कन्या होती. ती म्हणाली, "बाबा, गाडी पुन्हा नवी झाली."

गाडी पुष्कळ चालली म्हणून मोडते, असा एक समज आहे. माझा अनुभव थोडा निराळा आहे. फार चाललेल्या गाडीपेक्षां फार काळ उभ्या राहिलेल्या गाडीला रोग अधिक. चालत्या गाडीची झीज आपल्याला ऐकूं येते; कोठें खडखड होते, कोठें वास येतो, कोठें जमिनीवर तेलाचा थेंब दिसतो. उभ्या गाडीचा गंज मात्र मुक्यानें वाढतो. आमच्या भागांत तर चार महिने पाऊस आणि खाडीवरून येणारी दमट हवा. यासाठीं दर ज्येष्ठांत मी गाडीच्या पोटाखालीं शिरून सांगाड्याला जळकें तेल फांसतों. रबराला तें लागूं देत नाहीं, कारण तेलानें रबर फुगतें. दारांच्या तळाशीं पाणी निचरून जाण्याकरितां बारीक भोकें असतात, तीं तारेनें मोकळीं करतों. या कामाला पैसा लागत नाहीं. लागतो तो गुडघा.

आतां माझ्या चुकीकडे वळतों.

हेरल्डचें पुढचें चाक एका उभ्या पोलादी दांडीवर बसविलेलें असतें. या दांडीच्या खालच्या टोंकाला आटे पाडलेले असून तें टोंक एका पितळी सांध्यांत स्क्रूप्रमाणें फिरवून बसविलेलें असतें. या सांध्याला ट्रनियन म्हणतात. आपण सुकाणूं वळविलें म्हणजे ती दांडी त्या आट्यांतच फिरते. हेरल्डचीं चाकें विलक्षण वळतात. पंचवीस फुटांच्या वर्तुळांत गाडी पुरी फिरते, आणि या गोष्टीचा मला मोठा अभिमान वाटे. तो सारा खेळ या दोन लहानशा आट्यांवर चालतो, हें मात्र मला ठाऊक नव्हतें.

मी गाडीला नेमानें ग्रीस भरून घेत असें. तीन महिने झाले कीं गाडी घेऊन जायचें, समोर उभें राहायचें, आणि "पुढच्या सांध्यांत भरपूर भरा" असें बजावायचें. भरणारा मनुष्य सांगितलें तसें करी. त्याचा यांत कांहींएक दोष नाहीं. अशीं सतरा वर्षें गेलीं. इतकी काळजी घेणारा मालक पनवेल तालुक्यांत दुसरा नसेल, असें मी मनांत म्हणत असें.

सन २००६, श्रावण महिना. सौभाग्यवती, कन्या आणि मी लोणावळ्याहून परत येत होतों. द्रुतगती मार्ग मी टाळतों. जुन्या रस्त्यानें बोरघाट उतरलों, खोपोलीस चहा घेतला, आणि संध्याकाळीं सुकापुरास पोंचलों. माथेरानच्या रस्त्यावरून आमच्या फाटकांत शिरण्यासाठीं सुकाणूं पुरें डावीकडे वळविलें. गाडीचा वेग चालत्या मनुष्याइतकाहि नसेल. एवढ्यांत फांदी मोडावी तसा आवाज झाला, आणि गाडीचें डावें अंग खालीं बसलें. उतरून पाहतों तों डावें चाक गुडघ्यांत मोडलेल्या पायासारखें आडवें पडलेलें. कोणाला खरचटलेंहि नाहीं. शेजारच्या मुलांनीं मिळून गाडी उचलून विटांवर ठेवली.

त्या रात्रीं सौभाग्यवती कांहीं बोलल्या नाहींत. सकाळीं चहाचा पेला पुढें ठेवतांना एवढेंच म्हणाल्या, "अहो, घाटांत असतों तर?"

या प्रश्नाला मजजवळ उत्तर नव्हतें, आजहि नाहीं. घाटांतील वळणें मीं त्यानंतर अनेकदां मनांत मोजलीं आहेत.

पनवेलांत एक वृद्ध मिस्त्री होते. तरुणपणीं मुंबईस त्यांनीं हेरल्ड गाड्यांचें काम केलें होतें. आम्ही सारे त्यांना चाचा म्हणत असूं. त्यांनीं तुटलेली दांडी पुसून माझ्या हातांत दिली. मोडलेल्या तोंडाचा अर्धा भाग काळा, गंजलेला होता, आणि उरलेला अर्धा नव्या रुपयासारखा चकाकत होता. "काळा भाग कधींचाच तुटलाय, गुरुजी," ते म्हणाले, "काल तुटला तो फक्त हा पांढरा."

मीं म्हटलें, "चाचा, ग्रीस तर मीं कधीं चुकविलें नाहीं."

"म्हणून तर तुटलें," चाचा म्हणाले. "हिला तेल लागतें. गिअरचें तेल."

मीं घरीं येऊन गाडीच्या कप्प्यांतील पुस्तिका काढली. डॉक्टरांनीं गाडीबरोबर ती दिली होती, आणि मीं ती जपून, खाकी कागदाचें वेष्टण घालून ठेवली होती. त्यांत स्पष्ट छापलें होतें कीं, या सांध्यांत ग्रीस नव्हे, गिअरपेटीच्या जातीचें जाड तेल पिचकारीनें भरावें. सतरा वर्षें तें वाक्य माझ्याजवळ होतें. प्रश्न नीट न वाचतां उत्तर लिहिणाऱ्या किती मुलांचे कान मीं पिळले असतील, त्याची गणती त्या रात्रीं करवेना.

कारण असें कीं, ग्रीस घट्ट असतें; तें आट्यांच्या तळापर्यंत उतरत नाहीं, कालांतरानें वाळून तेथेंच बसतें. आटे कोरडे पडतात, पावसाचें पाणी आंत शिरतें, पोलाद गंजतें, आणि सुकाणूं वळविण्याचा सारा ताण त्या कुरतडलेल्या जागेवर येतो. तेल मात्र आंत झिरपतें आणि पाण्याला बाहेर ढकलतें. तें सांध्यांतून थोडें गळतें, गळूं द्यावें. गळणारा सांधा पाहून मी पूर्वीं नाक मुरडीत असें.

नवी दांडी येथें मिळेना. कुर्ल्याचा जुन्या सुट्या भागांचा बाजार पालथा घातला. अखेर विलायतेंत असलेल्या एका माजी विद्यार्थ्यानें दोन्ही बाजूंच्या दांड्या आणि पितळी सांधे धाडून दिले. हे भाग तेथें अद्याप नवे तयार होतात, आणि त्याचें श्रेय त्या शर्यतीच्या घाटाच्या बहिणीला आहे. स्पिटफायर १९८० पर्यंत निघत होती, तिच्या पुढच्या चाकांची रचना बरीचशी हीच, आणि तिच्यावर प्रेम करणारे लोक अजून पुष्कळ आहेत. कुर्ल्यास झालेल्या प्रीमियर पद्मिनीचें पाहा. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सींमुळें तिचे भाग गल्लोगल्लीं मिळत. वीस वर्षांची मर्यादा संपून शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली. गाडी टिकते ती एकट्या मालकामुळें नव्हे. तिच्यासारख्या दुसऱ्या गाड्या चालत असतात म्हणून.

बाकीच्या दुखण्यांविषयीं भरभर सांगतों. पूर्वींच्या पेट्रोलांत शिसें असे. २००० सालच्या फेब्रुवारीपासून तें देशभर बंद झालें. हवेच्या दृष्टीनें तें उत्तमच झालें. परंतु जुन्या इंजिनांच्या झडपांच्या बैठका मऊ लोखंडाच्या, त्यांना शिशाचा लेप संरक्षण देई. तो गेल्यावर झडप हळूहळू बैठकींत रुतूं लागते. याची खूण अशी कीं, झडपेची फट पुनःपुन्हा आपोआप कमी होते. मीं इंजिन उघडलें तेव्हां कठीण धातूच्या बैठका बसवून घेतल्या. आतां पेट्रोलांत वीस टक्के इथेनॉल येतें. इथेनॉल हवेंतील ओलावा ओढून घेतें आणि जुन्या रबराला सोसत नाहीं. नळ्या चिकट होतात, पंपाचा पडदा जातो. तप्त इंजिनाशेजारीं गळणारी नळी म्हणजे आगीला आमंत्रण. म्हणून इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या नळ्या आणि पडदा बसवावा, आणि पावसाळ्यांत टांकी रिकामी ठेवूं नये. रिकाम्या टांकीत दंव धरतें. ब्रेकचें तेलहि पाणी ओढतें. तें दर दोन वर्षांनीं बदलावें, गाडी कितीहि कमी चाललेली असो.

सरकारी बाजूहि सांभाळावी लागते. पंधरा वर्षांनंतर दर पांच वर्षांनीं नोंदणीचें नूतनीकरण. त्यासाठीं पनवेलच्या कचेरींत गाडी तपासणीस न्यावी लागते. २०२१ च्या नियमांप्रमाणें पन्नास वर्षांवरील गाड्यांना 'व्हिंटेज' म्हणून वेगळा क्रमांक मिळतो, तो मीं घ्यावा असें मित्र सुचवितात. परंतु तशी गाडी नित्याच्या वापरासाठीं रस्त्यावर आणतां येत नाहीं. माझी हेरल्ड मंडईंत जाते, दळण आणते. तिला शोभेची वस्तु करण्यास माझें मन घेत नाहीं.

सौभाग्यवती दोन वर्षें त्या गाडींत बसल्या नाहींत. मीं आग्रह केला नाहीं. वैशाखाच्या अखेरीस एकदां आणि दिवाळीनंतर एकदां मी चाकें जमिनीवरून उचलून पिचकारी घेऊन बसें; सांध्याच्या वरच्या बाजूनें ताजें तेल बाहेर येईपर्यंत भरीत असें, मग सुकाणूं या टोंकापासून त्या टोंकापर्यंत फिरवून पुन्हा भरीत असें. त्या ओटीवरून पाहत. तिसऱ्या वर्षीं त्यांनीं वही आणली आणि तारीख लिहून ठेवली. तेव्हांपासून ती वही त्यांच्याकडेच आहे. बाहेर जायचें म्हटलें कीं आधीं वही उघडते, आणि मग गाडीचें दार.

बोरघाटानें आम्हीं त्यानंतर एकदांच जाऊन आलों. त्या वेळीं घाट चढण्यापूर्वीं खोपोलीस गाडी थांबवून त्यांनीं मला चाकाखालीं वांकून पाहावयास लावलें. सांध्यावर तेलाचा ओला डाग होता. तो त्यांनीं स्वतः बोट लावून पाहिला, रुमालाला हात पुसला, आणि म्हणाल्या, "चला."