जेडची बासरी : सूर दगडाचा की हवेचा?



चिनी कवितेत ‘जेडची बासरी’ हा शब्दप्रयोग वारंवार येतो. जेड हा चीनमध्ये अतिशय मानाचा, बहुधा हिरवट किंवा पांढरट असा दगड. कवितेतली प्रत्येक बासरी दगडाचीच असते असे नव्हे. पुष्कळदा ‘जेडची’ हे नुसते गौरवाचे विशेषण असते. परंतु खऱ्या जेडच्या बासऱ्याही घडविल्या गेल्या आणि आजही घडविल्या जातात. तेव्हा प्रश्न असा, की मौल्यवान दगडामुळे सूर गोड होतो काय?

प्राचीन चिनी लोकांनी वाद्यांचे वर्ग पदार्थावरून पाडले : धातू, दगड, रेशीम, वेळू, भोपळा, माती, चामडे व लाकूड. बासरी वेळूच्या वर्गात. दगडाच्या वर्गात टांगून वाजविण्याच्या शिळापट्ट्या. हुबेई प्रांतात १९७८ साली उघडलेल्या, इ. स. पूर्व ४३३ च्या सुमाराच्या एका राजाच्या कबरीत अशा ३२ पट्ट्या निघाल्या. त्या पट्टीवर आघात केला की दगड स्वतः कंप पावतो. बासरीत मात्र फुंकर छिद्राच्या धारेवर आपटते आणि नळीतली हवा कंप पावते.

अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ जॉन कोल्टमन यांनी १९७१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात चांदी, तांबे आणि लाकूड यांच्या सारख्याच मापाच्या बासऱ्या होत्या. ऐकणाऱ्यांना तर नाहीच, वाजविणाऱ्यांनाही त्या ओळखता आल्या नाहीत. महागडे वाद्य नाही म्हणून शिकणे अडले, असे म्हणणाऱ्या विद्यार्थ्यांनी हे अवश्य ध्यानात घ्यावे.

मग जेड कशासाठी? मानासाठी, हे उघड आहे. शिवाय वेळू हवामानाने तडकतो, दगड ओल पीत नाही. याच विचाराने पॅरिसच्या क्लोद लोराँ यांनी १८०६ साली काचेच्या बासरीचे पेटंट घेतले. पण वेळू निसर्गतःच पोकळ. जेड चाकूच्या पोलादाहून कठीण. पूर्वी तो कठीण वाळू व पाण्याने घासून कोरीत, आता हिऱ्याची कणी लावलेली हत्यारे आहेत. तरीही लांब, सरळ भोक पाडताना दगड तडकला की सारी मेहनत वाया. आणि हाती येते ते जड वाद्य!

चिनी आडव्या बासरीचा तो झणझणीत, किंचित थरथरता आवाज येतो भलत्याच गोष्टीतून. फुंकण्याचे छिद्र व बोटांची छिद्रे यांच्यामध्ये आणखी एक छिद्र असते. त्यावर बोरूच्या आतला, कागदाहून पातळ पापुद्रा चिकटवितात. त्या आवाजासाठी जेडच्या बासरीलाही हा पापुद्रा लागतोच, आणि फाटला की नवा चिकटवावा लागतो.