रहस्यकथेचा रसिक

वाङ्मयाच्या दरबारात रहस्यकथेला मानाचे आसन क्वचितच मिळाले. उशाशी जागा मात्र तिला घरोघरी मिळाली. दिवाणखान्यातील काचेच्या कपाटात संतवाङ्मय आणि महाकाव्ये दिमाखाने उभी असतात, आणि रात्री दिवा मालवण्यापूर्वी ज्या पुस्तकावरचा हात सुटत नाही, ते मात्र गादीखाली सरकवलेले असते. हा दुजाभाव मराठी घराला जितका परिचित आहे, तितकाच तो चेन्नईतील तमिळ घरालाही आहे. किंबहुना रहस्यकथेच्या रसिकाचा स्वभाव नीट पाहावयाचा असेल, तर चेन्नईसारखे दुसरे शहर नाही.

या छंदाचे मूळ दोन्ही भाषांत जवळजवळ एकच आहे. इंग्रज कादंबरीकार रेनॉल्ड्स याच्या अद्भुत आणि गुन्हेगारी कथांनी एके काळी साऱ्या हिंदुस्थानाला वेड लावले होते. मराठीत गोविंद नारायण दातारशास्त्री यांनी त्याच्या कथांना एतद्देशीय वेष चढविला. तमिळमध्ये तेच कार्य आरणी कुप्पुस्वामी मुदलियार आणि वडुवूर दुरैस्वामी अय्यंगार यांनी केले. त्याच सुमारास जे. आर. रंगराजू यांचा गुप्तहेर गोविंदन हा मद्रास इलाख्यातील वाचकांच्या ओठांवर खेळू लागला. विद्वानांनी नाके मुरडली. अशा पुस्तकांनी विद्यार्थी बिघडतील, स्त्रिया बहकतील, असा ओरडा झाला. परंतु वाचक बधले नाहीत. ज्याला कुणी वाचावयास सांगत नाही आणि जे वाचल्याने परीक्षेत गुण मिळत नाहीत, असे वाङ्मय केवळ आपल्या गोडीवर जगते. आणि ते जगले.

चेन्नईच्या रसिकाची खरी ओळख पटते ती त्याच्या एका जुन्या रिवाजावरून. ‘आनंद विकटन’, ‘कल्कि’, ‘कुमुदम’ अशा साप्ताहिकांत कादंबऱ्या क्रमशः प्रसिद्ध होत. घरातली कुणी आजी किंवा मोठी बहीण दर आठवड्याला ती पाने अलगद कापून ठेवी. कथा संपली की पानांची चळत बांधणाराकडे जाई, आणि पुठ्ठा व कापडी पाठ लेवून ग्रंथ होऊन परत येई. मधल्या पानांवर अर्धी कापलेली जाहिरात असे, कडेला विनोदी चुटका असे, आणि चित्रकाराने काढलेली चित्रे असत. छापखान्यातून सिद्ध होऊन आलेल्या पुस्तकाला जी गंमत नसते, ती या घरगुती ग्रंथाला होती. कारण प्रत्येक प्रकरणामागे सात दिवसांची हुरहूर बांधलेली असे.

या पानांतून मोठी मजेदार माणसे जन्मास आली. ‘देवन’ या नावाने लिहिणारे आर. महादेवन यांचा सांबू हा त्यांतला सर्वांचा लाडका. एका बँकेतील बावळट दिसणारा कारकून दैवाच्या कृपेने गुप्तहेर बनतो, आणि पुष्कळदा आपण गुन्हा कसा उकलला हे त्याचे त्यालाच उमगत नाही! होम्ससारख्या तर्ककर्कश हेरांची ही सौम्य थट्टाच होय. पुढे तमिळवाणन यांचा शंकरलाल आला, आणि 1960 नंतरच्या दशकात ‘सुजाता’ या नावाने लिहिणारे एस. रंगराजन उदयास आले. हे गृहस्थ पेशाने अभियंते. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये त्यांनी नोकरी केली आणि मतदानयंत्राच्या निर्मितीतही त्यांचा वाटा होता. लेखनासाठी नाव घेतले ते मात्र पत्नीचे. त्यांचे गणेश आणि वसंत हे दोन वकील तमिळ वाचकांच्या घरातलेच होऊन बसले. गणेश शांत, वसंत वात्रट. एकाने विचार करावा आणि दुसऱ्याने कोटी करावी. ‘कोलैयुदिर कालम’ या कादंबरीत तर समोर दिसते ते भूत की विज्ञानाची करामत, या एका प्रश्नावर त्यांनी वाचकांना आठवड्यामागून आठवडे झुलवत ठेवले.

कथा पडद्यावर जाते तेव्हा रसिकाची खरी कसोटी लागते. वडुवूर यांच्या ‘मेनका’वर 1935 साली बोलपट निघाला, आणि 1950 साली त्यांच्याच दिगंबर स्वामीयारच्या भूमिकेत एम. एन. नंबियार यांनी नाना वेषांतरे करून प्रेक्षकांना थक्क केले. परंतु ज्या पात्राचा चेहरा वाचकाने मनातल्या मनात कधीच रेखून ठेवला आहे, तेथे दुसऱ्याचा चेहरा कसा खपावा? 1977 च्या ‘गायत्री’ या चित्रपटात गणेश झाले जयशंकर, आणि त्यात खलनायक होते रजनीकांत. पुढच्याच वर्षी ‘प्रिया’मध्ये गणेशच्या भूमिकेत खुद्द रजनीकांत अवतरले! काल ज्याला पकडावयाचे, तोच आज पकडणारा. असल्या प्रसंगी चित्रपटगृहाबाहेर रंगणारा वाद हा वरवर नटाविषयी असतो. वस्तुतः तो मालकी हक्काचा असतो. हे पात्र लेखकाचे, दिग्दर्शकाचे, की ज्याने त्याची पाने कापून जपली त्या वाचकाचे, हा त्यातला मूळ प्रश्न होय.

दूरचित्रवाणीने हा वाद काहीसा मिटवला. मद्रासचे दूरदर्शन केंद्र 1975 साली सुरू झाले. चित्रपट तीन तासांत रहस्य उघडून मोकळा होतो. मालिका मात्र साप्ताहिकाच्या चालीने चालते. तिला ‘क्रमशः’चे मर्म ठाऊक असते. देवन यांचा सांबू दूरदर्शनवर आला तेव्हा कात्ताडी राममूर्ती यांनी तो साकार केला. 1993 साली बासू चटर्जी यांनी शरदिंदू बंद्योपाध्याय यांचा ब्योमकेश बक्षी हिंदी मालिकेत आणला, आणि रजित कपूर यांच्या रूपाने बंगालचा हेर साऱ्या देशाचा झाला. मुंबई दूरदर्शनवरील ‘एक शून्य शून्य’ने पोलिसांच्या तपासाची गोडी मराठी घरांना लावली. आणि 1995 नंतर चेन्नईत ‘मर्मदेसम’ या मालिकेने कहर केला. कथा इंदिरा सौंदरराजन यांची, दिग्दर्शन नागा यांचे, निर्मिती के. बालचंदर यांच्या संस्थेची. तिच्यातील ‘विडादु करुप्पु’ या कथेत गावाच्या वेशीवरचा करुप्पुसामी हा राखणदार देव रात्री घोड्यावरून येऊन पाप्यांना शासन करतो, अशी गावकऱ्यांची श्रद्धा असते. हे दैवी कृत्य की माणसाच्या मनाचा खेळ, याचा उलगडा येथे न केलेला बरा. रसिकांच्या जगात एकच महापातक आहे, आणि ते म्हणजे न वाचलेल्याला शेवट सांगणे.

तथापि ज्या पडद्याने या कथांना नवे प्रेक्षक दिले, त्यानेच त्यांचे वाचकही ओढून नेले. 1980 नंतरच्या काळात बसस्थानकावर आणि चहाच्या टपरीवर स्वस्त कागदाच्या, भडक मुखपृष्ठाच्या मासिक कादंबऱ्या दोरीला टांगलेल्या असत. कोईमतूरचे राजेश कुमार यांनी अशा दीड हजारांहून अधिक कादंबऱ्या लिहिल्या. हजाराचा पल्ला ओलांडणाऱ्या बाबूराव अर्नाळकरांच्या मराठी वाचकाला हा आकडा ऐकून एक थोर बंधू भेटल्याचा आनंद व्हावा. पट्टुकोट्टै प्रभाकर आणि ‘सुभा’ हे लेखकद्वय याच वाटेने लोकप्रिय झाले. पुढे संध्याकाळचा वेळ मालिकांनी व्यापला, आणि दोरीवरची पुस्तके विरळ झाली.

येथे विनोद थांबतो. या वाङ्मयाचा कागद हलका, वर्षे जातील तसा पिवळा पडून चुरणारा. त्यात समुद्राची दमट हवा आणि वाळवी. सरकारी ग्रंथालये ज्याला वाङ्मय मानीत नव्हती, ते जपणार कोण? मद्रासच्या सेंट्रल स्टेशनाशेजारी मूर मार्केट नावाचा बाजार होता. जुन्या पुस्तकांच्या शोधात निघालेल्याचे पाय तेथे आपोआप वळत. 1985 साली त्याला आग लागली आणि तो भस्मसात झाला. त्या राखेत कोणकोणती पाने होती, याची यादी कुणाजवळ नाही.

अशा वेळी एका रसिकाचे उदाहरण मोलाचे वाटते. कारैकुडीजवळच्या कोट्टैयूर गावी रोजा मुत्तय्या नावाचे एक गृहस्थ होते. दुकानांच्या पाट्या रंगवणे हा त्यांचा व्यवसाय, आणि छापील कागद जमवणे हा ध्यास. धर्मग्रंथ आणि नाटकाची जाहिरात, काव्य आणि सवंग कादंबरी, असा भेद त्यांनी केला नाही. 1992 साली ते निवर्तले तेव्हा सुमारे एक लाख छापील वस्तू त्यांच्या संग्रहात होत्या. शिकागो विद्यापीठाने तो संग्रह विकत घेतला, पण समुद्रापार नेला नाही. 1994 साली चेन्नईतच त्याचे संशोधन ग्रंथालय झाले. तमिळ समाज एके काळी काय वाचून हसला आणि कशाने घाबरला, हे जाणण्यासाठी आज अभ्यासक तेथे येतात. पाट्या रंगवणाऱ्या माणसाने जे केले, ते मोठमोठ्या संस्थांना सुचले नव्हते.

चेन्नईच्या कितीतरी घरांत, आणि तशीच पुण्या-मुंबईच्या माळ्यांवरही, अशी घरी बांधलेली पुस्तके अजून पडून असतील. घर बदलताना किंवा घरातले वडीलधारे माणूस गेल्यावर ती रद्दीवाल्याच्या तराजूत जातात. तराजूला सांबू कळत नाही आणि झुंजारही कळत नाही. एखाद्या मुलाने तो गठ्ठा तराजूतून उचलून घ्यावा, धूळ झटकावी आणि उभ्याउभ्याच पहिले पान वाचावे, एवढेच पुरेसे आहे. पहिले पान वाचले, की दुसरे उलटल्यावाचून राहवणार नाही, अशीच ती लिहिलेली आहेत.