वजन कोणाचे, दंड कोणाला?
(कबनूर येथील जिल्हा बैठकीतील भाषण)



आज कोरडवाहू तालुक्यांतले कापूस-ज्वारीवाले भाऊ कबनूरला आले आहेत. इथे आणि शेजारच्या इचलकरंजीत मागांवर सुताचे कापड होते. म्हणजे तुम्ही कापसाच्या पुढच्या मुक्कामाला आला आहात. पण कोरडवाहू मुलखातून इकडे कापूसच येतो असे नाही. दसरा-दिवाळीच्या सुमाराला बीडकडची माणसे ऊसतोडीला येतात. ट्रॉलीत संसार भरलेला असतो आणि त्या संसारावर पोरेबाळे बसलेली असतात. पुढे हंगामभर तसलीच ट्रॉली, मागे आणखी एक जोडून, उसाने भरून रात्रंदिवस कारखान्याकडे पळते. आज आम्हाला या ट्रॉलीबद्दल बोलायचे आहे.

आधी एका दुसऱ्या गाडीची गोष्ट. २०१९ च्या जुलैत अवकाश खात्याचे सुमारे ७० टनांचे एक यंत्र महाराष्ट्रातून तिरुवनंतपुरमला निघाले. ते पोहोचले २०२० च्या जुलैत. वर्ष लागले, मधे टाळेबंदीही आली. पण त्या गाडीपुढे पोलीस होते, वाटेतल्या फांद्या छाटल्या, विजेच्या तारा बाजूला केल्या. अवजड बोजाचा नियमच तसा आहे. आधी परवानगी घ्यायची, रस्ता आणि पूल तपासायचे, मग हलायचे. आपल्याकडे पुलांचा आराखडा करताना ३८५ टनांच्या खास वाहनाचाही विचार करतात. पण त्यात अट अशी, की ते पुलाच्या मधोमध, ताशी ५ किलोमीटरच्या वेगाने जाईल आणि त्या वेळी पुलावर दुसरे वाहन नसेल.

आता आपली ट्रॉली बघा. उसाची कांडी दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर, मागे दिवा नाही आणि रस्त्यावर अंधार. मोठ्या बोजाला रस्ता मोकळा करून देतात. आपला बोजा नशिबावर सोडलेला असतो.

कायदा काय म्हणतो ते नीट समजून घ्या. मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याच्या कलम १९४ मध्ये २०१९ साली दुरुस्ती झाली. जादा वजनाला २०,००० रुपये दंड, शिवाय जादा प्रत्येक टनाला २,००० रुपये. पाच टन जादा असेल तर हिशेब ३०,००० रुपयांवर जातो. माल हौद्याच्या बाजूला, पुढे, मागे किंवा उंचीला मर्यादेबाहेर गेला, तर वजन कमी असले तरी २०,००० रुपये. आधी रीतसर सूट घेतली असेल तरच हा दंड लागत नाही. काट्यावर जायला नकार दिला तर ४०,००० रुपये. आणि दंड भरून सुटका नाही. जादा माल तिथेच उतरवावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाने २००५ सालीच सांगितले आहे, की नुसता दंड घेऊन जादा वजनाची गाडी पुढे सोडता येणार नाही.

कोरडवाहू भावांनी यातला फरक ध्यानात घ्यावा. ऊस वजनाचा नियम मोडतो. कापूस आणि कडबा रुंदी-उंचीचा नियम मोडतात. कापसाचे वजन मर्यादेत असेल, पण ताडपत्रीखाली फुगलेले पोट अर्धा रस्ता अडवते. कडब्याची गाडी लोंबत्या तारेखालून गेली, ठिणगी पडली, की माल आणि गाडी दोन्ही जळतात.

वजन आणि धोका यांचे गणित सरळ नाही. अमेरिकेत १९५८ ते १९६० या काळात रस्त्यांवर सतत गाड्या फिरवून मोजमाप झाले. त्यातून निघाले ते असे: आसावरचा भार दुप्पट झाला, तर रस्त्याची झीज दुप्पट होत नाही, सुमारे सोळा पट होते. म्हणजे आपल्याच गावचा रस्ता आपणच दोन हंगामांत उखडतो. ब्रेकचेही तसेच. पुष्कळ ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. सगळा भार ट्रॅक्टरने थांबवायचा. उतारावर मागची ट्रॉली ट्रॅक्टरला ढकलते आणि तो आडवा होतो. चढावर ट्रॅक्टर तोंड उचलतो. चालक कितीही हुशार असो, तिथे हुशारी चालत नाही.

मग लोक जादा भरतात कशाला? हौस म्हणून नाही. वाहतुकीचा दर टनावर. ट्रॅक्टरचा हप्ता, टोळीला दिलेली उचल, डिझेल हे सगळे त्या टनांतूनच फेडायचे. दर परवडत नाही म्हणून टन वाढतात, आणि टन वाढले की दर वाढवून मागायची गरज कोणाला दिसत नाही. माल कारखान्याच्या किंवा व्यापाऱ्याच्या उपयोगाचा, पण पावती फाटते ट्रॅक्टरवाल्याच्या नावाने. चालक दुसरा असला, तरी जादा माल मालकाच्या माहितीने भरला असे न्यायालय गृहीत धरू शकते.

सर्वांत मोठी भीती दंडाची नाही. मालवाहू गाडीत बसवून नेलेल्या प्रवाशांची भरपाई विमा कंपनीवर बांधता येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००२ सालचा निकाल आहे. मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी मालाबरोबर असेल, तर १९९४ च्या दुरुस्तीने त्याला विम्यात जागा आहे. पण मालावर बसवलेल्या टोळीचे आणि पोराबाळांचे काय? ट्रॉली उलटली तर एका घरची माणसे जातात आणि दुसऱ्या घरची जमीन जाते. दोन्ही घरे शेतकऱ्यांचीच.

म्हणून या हंगामाआधी प्रत्येक गावाने पाच गोष्टी कराव्यात. ट्रॉलीच्या पासिंगचे वजन हौद्यावर ठळक रंगवा. मागे लाल दिवा, रिफ्लेक्टर आणि बाजूला पट्ट्या लावा. खर्च एका दंडाच्या पासंगालाही पुरत नाही. हौद्याच्या रेषेबाहेर माल जाऊ देऊ नका. बंद पडलेली ट्रॉली रस्त्यावर सोडून घरी जाऊ नका. दगडाऐवजी दिवा ठेवा आणि निघताना दगड रस्त्यातून काढा. आणि मालावर माणूस बसवू नका. टोळीला आणायचे-न्यायचे तर प्रवासी गाडी करा आणि ते भाडे करारात लिहून घ्या.

सहावी गोष्ट एकट्या गावाने होणार नाही. ती बैठकीने ठराव करून मागायची आहे. वाहतुकीचा दर असा ठरला पाहिजे, की पासिंगएवढे वजन नेऊन हप्ता फिटेल. आणि जादा भरलेली गाडी जो काट्यावर घेतो, त्यालाही जबाबदार धरले पाहिजे. घेणाराच नसेल तर भरणारा भरणार नाही.

शेतमालाला भाव मागताना आपण घामाचा हिशेब मांडतो. त्या हिशेबात रस्त्यावर सांडलेले रक्त धरलेले नाही. ते आधी थांबवू.

ठराव तुमच्यापुढे ठेवून आम्ही थांबतो.