परक्या पानावरील ओळखीचे जिन्नस

शहरात एखादे नवे थाई भोजनगृह उघडले की दोन प्रकारची माणसे दृष्टीस पडतात. दारावरील नाव वाचूनच 'तेथे कशात काय घालत असतील, देव जाणे' असे म्हणून पुढे जाणारी एक. आणि काहीही न विचारता समोर येईल ते खाऊन वाहवा करणारी दुसरी. परक्या अन्नाला न्याय या दोघांकडूनही मिळत नाही. दुपारच्या जेवणाला अशा ठिकाणी प्रथमच जाणाऱ्याने थोडी माहिती आणि थोडी चौकस वृत्ती बरोबर न्यावी.

थाई जेवणाचा पाया भात हाच होय. जेवणे या क्रियेला त्या भाषेत 'किन खाव' म्हणजे 'भात खाणे' असे म्हणतात. आणि भेटलेल्या माणसाला 'भात खाल्ला का?' असे विचारण्याची तेथील रीत आपल्या 'जेवलात का?' या प्रश्नाची सख्खी बहीण शोभेल. कालवणे मधोमध ठेवून सर्वांनी त्यांतून थोडे थोडे घ्यावयाचे असते. चमचा उजव्या हातात, काटा डाव्या हातात, आणि काट्याने घास चमच्यावर सारावयाचा. सुरीचे काम स्वयंपाकघरातच उरकलेले असते.

नारळाच्या रसातील हिरव्या कालवणाचे वाटण खलबत्त्यात कुटतात. त्यात हिरव्या मिरच्या, गवती चहाचे दांडे, आल्यासारखे दिसणारे कुळिंजन आणि कोथिंबिरीची मुळे पडतात. हीच मुळे आपल्याकडे जुडी निवडताना बहुधा टाकून दिली जातात. कालवणात सापडणारे गवती चहाचे तुकडे किंवा लिंबाच्या जातीच्या झाडाची जाड पाने चावावयाची नसतात. गोव्याच्या माणसाला हे निराळे सांगावयास नको. बांगड्याच्या हुमणातील तिरफळे तो पानाच्या कडेला काढून ठेवतोच.

त्यातील तिखटाचा इतिहास तर आपल्याशी थेट जोडलेला आहे. मिरची मूळची अमेरिकेची. १४९२ पूर्वी आशियात ती कुणाला ठाऊक नव्हती. १५१० साली गोवा जिंकणाऱ्या आल्बुकर्कनेच १५११ साली मलाक्का घेतले आणि त्याच वर्षी सयामच्या अयुथ्थया येथील दरबारी दूत पाठविला. अयुथ्थया हे नावही अयोध्येवरूनच पडले आहे. पोर्तुगिजांच्या सागरी व्यापारातून मिरची या दोन्ही किनाऱ्यांवर रुजली. मराठीने मिरीवरून तिचे नाव मिरची ठेवले. थाई भाषेत ती झाली 'फ्रिक', आणि जुन्या मिरीला 'फ्रिक थाई' म्हणजे थाई तिखट म्हणू लागले. अंड्याच्या पिवळ्या बलकाचे सोनेरी तंतू साखरेच्या पाकात सोडून करावयाचे 'फोई थाँग' हे पक्वान्नही पोर्तुगीज वळणाचे आहे. सतराव्या शतकात अयुथ्थयेत राहिलेल्या मारिया ग्योमार या ख्रिस्ती स्त्रीने ते तेथे रूढ केले, अशी परंपरा आहे. ज्याला आपण परके म्हणून नाक मुरडतो, त्याचा तिखटपणा आपल्या ठेच्याचाच नातलग आहे, हे यावरून ध्यानी यावे.

तथापि नाते निघाले म्हणून चौकशी सोडू नये. थाई स्वयंपाकात खारटपणासाठी मिठाऐवजी पुष्कळदा 'नाम प्ला' हे आंबविलेल्या मासळीचे पाणी वापरतात, आणि कालवणाच्या बहुतेक वाटणांत कोळंबीसारख्या बारीक जिवांची 'कपी' नावाची चटणी असते. नुसत्या भाज्या दिसणाऱ्या वाटीतही ही दोन्ही असू शकतात. जन्मात मासळीला न शिवलेल्या सासूबाईंना सून हौसेने जेवावयास घेऊन जाते, तेव्हा पदार्थाच्या नावापुढे 'भाजीचे' असे छापले आहे एवढ्यावर तिने विसंबू नये. 'आई, थांबा हं, यात मासळीचं काही नाही ना, एवढं विचारून घेते,' हे एक वाक्य त्या जेवणातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य ठरेल. 'चालते हो, कळतही नाही' असे म्हणून दुसऱ्याचा नेम परस्पर मोडण्याचा अधिकार यजमानाला नाही. थायलंडातही 'जे' या शब्दाने ओळखले जाणारे कडक शाकाहारी अन्न आहे. त्यात मांस, मासे, अंडी, दूध, एवढेच नव्हे तर कांदा-लसूणही चालत नाही. अशा नेमाची कदर त्या देशालाही आहे. तेव्हा विचारण्यात संकोच कसला? मीठ किंवा सोयाबीनचा सॉस घालून वेगळे वाटण करता येते. येत नसेल तर तसे स्पष्ट सांगणारे भोजनगृहच विश्वासाचे समजावे.

उत्तर मिळाल्यावर मात्र मन मोकळे ठेवावे. पहिला घास साध्या भाताबरोबर, थोडाच घ्यावा. आंबट, गोड, खारट आणि तिखट या चवी एकाच घासात येतात, म्हणून प्रथम जीभ थोडी गोंधळते. दुसऱ्या घासाला ती स्थिरावते. मग आवडले किंवा आवडले नाही, असे प्रामाणिकपणे म्हणावे. ते मत मोलाचे असते, कारण ते चाखून दिलेले असते.