वटवाघळाची धूळपेरणी

मृगाआधी धूळपेरणी करणारे तुमच्यात पुष्कळ असतील. बी कोरड्या मातीत पडते, पण लगेच रुजत नाही. पावसाची वाट पाहत ते जिवंत राहते. युरोपातले एक लहान वटवाघूळ आपल्या गर्भाचे असेच करते, हे ऐकून नवल वाटेल.

मिनिऑप्टेरस हे त्याचे शास्त्रीय नाव. दक्षिण फ्रान्समधल्या गुहांत त्याचे थवे राहतात. किडे हे त्याचे अन्न. नरमादीचा संयोग शरदात होतो, फलनही तेव्हाच होते. मग थंडी पडते, किडे नाहीसे होतात आणि मादी गुहेत गारठून निजते. त्याच वेळी गर्भ वाढला, तर पिलू अवेळी जन्मेल. मग आईला दूध कोठून यायचे? म्हणून गर्भ पेशींच्या पोकळ गोळीएवढा होऊन थांबतो. गर्भाशयात असतो, पण भिंतीला चिकटत नाही. वसंतात तो रुजतो आणि जून-जुलैत, किडे मुबलक असताना, एकच पिलू जन्मते.

हे वेळापत्रक सांभाळते कोण? या प्रश्नावर पेरे आणि एर्लां या शास्त्रज्ञांनी १९६३ साली आपले संशोधन प्रसिद्ध केले. बीजकोशातून अंडे सुटले की त्या जागी पीतपिंड नावाची गाठ तयार होते. तिच्यातून प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक स्रवते. गर्भ धरायला भिंत तयार करणे, हे त्याचे काम. हिवाळ्यात ही गाठ जवळजवळ मुकी असते. वसंतात मेंदूखालची पीयूषिका ग्रंथी तिला चालना देते. त्यात प्रोलॅक्टिनचा वाटा मोठा. प्रोजेस्टेरॉन वाढते, आणि पाऊस पडावा तसा गर्भ रुजतो.

सगळीच वटवाघळे असे करीत नाहीत. काही जातींच्या माद्या नराचे बीजच हिवाळाभर सांभाळतात.

आता थोडे आपल्याविषयी. निजलेल्या मादीला कोणी उठवले, की तिची साठवलेली चरबी जळते. आणि त्या शिदोरीवरच तिला वसंत गाठायचा असतो. आपल्याकडे तशी थंडी नाही. तरीही पडक्या वाड्यांतून, गुहांतून धूर करून पाकोळ्या हाकलतात. बहुतेक जातींची आई एका वेळी एकच पिलू देते. उठलेली वस्ती पुन्हा भरायला वर्षे लागतात. शिक्षक मित्रहो, मुलांना एवढे जरूर सांगा : जी पाकोळी रात्री शेतावरचे किडे टिपते, तिच्या घरात धूर करू नये.