लोकांच्या तोंडी, लोकांच्या हाती

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला विषय दिला तो असा : ‘ब्रह्मपुरीत बसून पुण्या-मुंबईला ऑनलाइन तांदूळ कसा विकता, ते सांगा.’ वेळ थोडा आहे आणि यानंतर गाण्यांचा कार्यक्रम आहे, तेव्हा सरळ मुद्द्यावर येतो.

वेबसाइट कशी करायची, पार्सल कसं पाठवायचं, हे आज कोणीही शिकवेल. खरी अडचण वेगळी आहे. आपल्यासारख्या छोट्या माणसाकडे जाहिरातीला पैसा नसतो. मोबाइलवरची जाहिरात पैसे भरले तोवर दिसते, पैसे संपले की गायब. मग गिऱ्हाईक आणायचं कुठून? माझं उत्तर आहे : गिऱ्हाइकांकडूनच.

या पद्धतीला ‘क्राउडसोर्सिंग’ म्हणतात. जेफ हाऊ नावाच्या अमेरिकन पत्रकाराने २००६ साली ‘वायर्ड’ मासिकात हा शब्द रूढ केला. अर्थ साधा आहे. जे काम आपण एखाद्या नोकराला किंवा कंपनीला दिलं असतं, ते खुलं आमंत्रण देऊन अनेकांसमोर ठेवायचं. स्वच्छ भारत अभियानाचं गांधीजींच्या चष्म्याचं बोधचिन्ह तुम्ही नोटांवरही पाहता. सरकारने २०१४ साली लोकांकडून चित्रं मागवली, त्यातून कोल्हापूरच्या अनंत खासबारदारांचं चित्र निवडलं गेलं. त्याखालची ओळ सुचवली गुजरातमधल्या राजकोटच्या एका बाईंनी.

शब्द नवा असला, तरी कामाची रीत आपल्या भागाला नवी नाही. दोन उदाहरणं सांगतो.

पहिलं आपल्या शेजारच्या नागभीड तालुक्यातलं. नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे. शिक्षण तिसरीपर्यंत, जमीन दीड एकर. १९८३ साली पटेल-३ जातीच्या धानाच्या बांधीत त्यांना तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या जपून ठेवल्या, वेगळ्या पेरल्या, आणि वर्षामागून वर्ष निवड करत बी वाढवलं. दाणा बारीक, भात चवीला चांगला. १९९० च्या सुमारास हे धान तळोधीच्या बाजारात गेलं तेव्हा त्याला नावच नव्हतं. तेव्हा एचएमटीच्या घड्याळाची चलती होती. एका व्यापाऱ्याने तेच नाव धानाला देऊन टाकलं. तोच आपला एचएमटी तांदूळ.

आता विचार करा, याची जाहिरात कोणी केली? बियाणे कंपनी नव्हती, एजंट नव्हता. शेजाऱ्याने धुऱ्यावरून पीक पाहिलं आणि पायलीभर बी मागून नेलं. सोयऱ्याने घरी भात खाल्ला आणि जाताना बी बांधून नेलं. प्रत्येकाने आपल्या बांधीत पारख केली आणि पुढच्याला सांगितलं. असं करत ते बी आपल्या जिल्ह्याबाहेर आणि राज्याबाहेरही गेलं. पारख, नाव, प्रसार, तिन्ही कामं लोकांनी केली.

दुसरं उदाहरण झाडीपट्टीच्या नाटकांचं. वैनगंगा ओलांडली की वडसा, नाटक कंपन्यांचं माहेरघर. दिवाळी ते होळी हंगाम. गावाचं मंडळ कंपनीला नाटक ठरवून देतं, मंडप टाकतं, तिकिटं विकतं. पण गर्दी जमते ती नुसत्या पोस्टरने नाही. मंडई असली, शंकरपट असला की प्रत्येक घर आपल्या लेकी-जावयांना, सोयऱ्यांना बोलावणं धाडतं. पाहुणे आले की रात्री नाटकाला जाणारच. म्हणजे प्रत्येक घर त्या नाटकाचं प्रचारक. या रंगभूमीचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा बाहेरच्या लोकांनी विचारलं की एवढा प्रेक्षक येतो कुठून. तो असा येतो.

हीच रीत मी मोबाइलवर आणली, एवढंच. आम्ही काय करतो, ते चार मुद्द्यांत सांगतो.

एक : आम्ही विचारतो. तांदळाबरोबर प्रश्न पाठवतो. पाकीट किती किलोचं हवं? भात कसा शिजवता? एका ताईंनी कळवलं, नवा तांदूळ असेल तर पाणी कमी घालायचं, जुना असेल तर जास्त. आपल्याला हे माहीत असतं, शहरातल्या नव्या सुनेला नसतं. ती सूचना आम्ही त्यांच्याच शब्दांत, त्यांची परवानगी घेऊन, त्यांच्या नावासह पाकिटावर छापली. त्या ताईंनी ते पाकीट किती जणींना दाखवलं असेल, सांगा.

दोन : चित्रं. आम्ही रोवण्याचे, कापणीचे, चुरण्याचे फोटो पाठवतो. गिऱ्हाईक आपल्या ताटाचा फोटो पाठवतं. पैसे देऊन काढलेल्या फोटोपेक्षा कुणाच्या तरी घरातल्या ताटावर माणसाचा विश्वास बसतो. मात्र विचारल्याशिवाय कुणाचा फोटो पुढे टाकायचा नाही.

तीन : एकत्र मागणी. तांदूळ जड आणि किमतीने हलका. पाच किलोचं एक पार्सल पाठवलं तर नफा पाठवणावळीतच जातो. म्हणून एका सोसायटीत एकाने पुढाकार घेऊन दहा घरांची मागणी गोळा करायची. माल एकदम जातो, खर्च वाटला जातो. पुढाकार घेणाऱ्याला आम्ही तांदूळ भेट देतो, आणि ते सर्वांना माहीत असतं. लपवून दिलेली भेट म्हणजे दलाली, उघड दिलेली भेट म्हणजे मान.

चार : तक्रार पुसायची नाही. एकदा व्हॉट्सॲप गटावर कुणीतरी लिहिलं, तांदळात पोरकिडे झाले. मी उत्तर देण्याआधीच दुसऱ्या गावच्या गिऱ्हाइकाने सांगितलं, कडुनिंबाचा वाळलेला पाला घाला, डबा कोरडा ठेवा. आम्ही तांदूळ बदलून दिला आणि तेही तिथेच लिहिलं. त्या एका तक्रारीने जेवढा विश्वास मिळाला, तेवढा शंभर कौतुकांनी मिळाला नसता.

आता सावधगिरीची गोष्ट. मला एका एजन्सीचा फोन आला होता. एवढे पैसे द्या, एवढे चांगले अभिप्राय टाकून देतो. मी नाही म्हटलं. नियमाची बाजू आहेच. भारतीय मानक ब्युरोने २०२२ साली ऑनलाइन अभिप्रायांसाठी खास मानक आणलं, ते खोट्या अभिप्रायांना आळा घालण्यासाठीच. पण त्याहून मोठी गोष्ट आपल्या मालाची आहे. शहरात कुठलाही बारीक तांदूळ एचएमटी म्हणून खपवता येतो. गिऱ्हाइकाला दाण्यावरून ओळखता येत नाही. त्याच्याकडे फक्त कुणाचा तरी शब्द असतो. तो शब्दच विकत घेतलेला निघाला, तर आपल्याकडे विकायला काही उरत नाही.

आणि शेवटचा मुद्दा, माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा. लोकांकडून काम घ्यायचं, तर लोकांचं श्रेय त्यांना द्यायचं. दादाजींचं बी गावोगाव गेलं, पण पोत्यावर नाव राहिलं घड्याळाचं. २००५ साली त्यांना राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानचा पुरस्कार राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते मिळाला, २०१० साली ‘फोर्ब्स’ने त्यांची दखल घेतली. पण घरची ओढाताण सुटली नाही. ३ जून २०१८ रोजी ते गेले. कित्येक व्यापारी, गिरणीवाले, दुकानदार त्या बियाण्यावर उभे राहिले. ज्याच्या बांधीतून ते निघालं, त्याच्यापर्यंत त्यातलं फार थोडं पोहोचलं. गर्दीच्या जोरावर धंदा करण्यात हाच मोठा धोका आहे. काम सगळ्यांचं होतं आणि मोबदला एकाच्याच गल्ल्यात जातो.

म्हणून आम्ही एक शिस्त ठेवली आहे. एचएमटीच्या प्रत्येक पाकिटावर दादाजींचं नाव आणि त्यांच्या गावाचं नाव असतं. ज्या शेतकऱ्याचं धान, त्याचं नाव असतं. ज्याची सूचना घेतली, त्याचंही नाव असतं. पाकिटावर जागा कमी पडते, पण पडू द्या.

आपल्या बॅचमधले काहीजण नागपूर-पुण्याला आहेत, काही परदेशी आहेत, काही इथेच धान पिकवतात. कुणाची बायको मोहाचे लाडू करते, कुणाचा भाऊ बांबूच्या वस्तू करतो, कुणी मध गोळा करतं. आपल्या बॅचच्या गटावर रोज सकाळी फुलांचे फोटो येतात. त्याच गटावर महिन्यातून एक दिवस आपल्यापैकी एकाचा माल मांडू या. बाकीच्यांनी तो वापरावा आणि खरं काय ते चार माणसांना सांगावं. चांगलं असेल तर चांगलं, कमी असेल तर कमी. कौतुकाची सक्ती नको. सुरुवात माझ्या तांदळापासून करायची नाही, जो सर्वांत अडचणीत असेल त्याच्यापासून करायची. नाव कुणाचं घ्यायचं, ते आज जेवणाच्या पंगतीतच ठरवू.